पहाटेची चर्चची घंटा : टॉवरवाल्यांचं चुकतंय की आमचं?

वाडीवाला_वसई | रवि, रात्री ९:५२

मंडळी, विषय खरं तर आमच्या घरचा आहे पण बाहेरच्यांचं मत पाहिजे म्हणून इथे टाकतोय. मी वसईचा, पश्चिमेचा, स्टेशनपासून लांब समुद्राकडच्या एका गावातला. गावाचं आणि चर्चचं नाव मुद्दाम देत नाही, निम्मी वसई इथे वाचत असते आणि उद्या फादर मलाच बोलावून घेतील.

तर आमच्या चर्चची घंटा पहाटे साडेपाचला वाजते, सहाच्या मिस्साची (चर्चमधली उपासना). मग दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला आंजेलसच्या प्रार्थनेची. लग्नाची वेगळी, सणाची वेगळी, आणि कोणी वारलं की एकदम सावकाश, एक ठोका मग गप्प, मग दुसरा. ती ऐकली की आई गॅस बारीक करून ओट्यापाशी उभी राहते, "कोण गेलं रे?" आणि थोड्या वेळात अख्ख्या आळीला कळलेलं असतं. साडेपाचची वेळ पण अशीच नाही आलेली, पूर्वी फुलं आणि भाजी घेऊन पहिल्या गाडीने दादरला जाणाऱ्या बाया त्या घंटेवर उठायच्या.

आता बावखलं (वाड्यांमधली छोटी तळी) बुजली, वाड्या गेल्या, आणि चर्चच्या मागे सात मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्या. त्यातल्या एका सोसायटीने पॅरिशला, म्हणजे चर्चला, पत्र दिलंय की पहाटेची घंटा बंद करा, लहान मुलं आहेत, नाईट शिफ्टवाले आहेत, वगैरे. पत्राची भाषा सभ्य आहे हे पण सांगतो. आमच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र जाळ झालाय, "घंटा आधी की फ्लॅट आधी" असले मेसेज फिरतायत.

माझं स्वतःचं मत: घंटा राहिलीच पाहिजे. पण मधे एकाने चर्चला स्पीकर देणगी दिले आणि तेव्हापासून खऱ्या घंटेच्या आधी दोन मिनिटं रेकॉर्डेड घंटानाद वाजतो, तो मला पण डोक्यात जातो. आणि साडेपाच हवेतच का, हे मला खरंच माहीत नाही. बोला.

खडूस_आजोबा | रवि, रात्री १०:०५

सोप्पं आहे. भोंगा असो आरती असो घंटा असो, सगळ्यांना एकच नियम. घड्याळ नव्हतं तेव्हा घंटा लागायची, आता प्रत्येकाच्या उशाखाली अलार्म आहे. ज्याला मिस्साला जायचंय त्याने लावावा. विषय संपला.

वाडीवाला_वसई | रवि, रात्री १०:११

आजोबा, मयताची घंटा कुठल्या अलार्ममधे सेट करू? :)

कलम_कसाई | रवि, रात्री १०:४८

नियमांचं विचारताय तर आधी ते नीट बघून घ्या कारण दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. ध्वनी प्रदूषण नियम २००० चे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आसपास १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तर तिथे ५० आणि ४०.

लोकांना वाटतं नियम फक्त लाऊडस्पीकरला आहे आणि घंटा त्यातून सुटते. २०१० ची दुरुस्ती वाचा, त्यात स्पीकरबरोबर आवाज काढणारं साधन आणि वाद्य पण घातलंय, बंद जागा सोडून रात्री चालत नाही. घंटा त्यात बसते की नाही यावर वकील तासभर भांडू शकतात (आणि फी घेऊ शकतात) पण साडेपाचची घंटा रात्रीत येते आणि सहाची दिवसात, एवढं तर उघड आहे.

दुसरं, सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा जो निकाल सगळे मशिदींच्या वादात फेकतात तो मुळात चेन्नईच्या एका चर्चच्या केसमधला आहे. शेजारच्या कॉलनीने तक्रार केली होती, स्पीकर आणि ड्रम्सबद्दल. कोर्ट म्हणालं दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. मुंबई हायकोर्टाने २०१६ मधे परत तेच, लाऊडस्पीकर हा धर्माचा आवश्यक भाग नाही. त्यामुळे तुमच्या देणगीच्या स्पीकरला काहीही आधार नाही, तो आधी काढा.

झ्युरिकची_ताई | सोम, पहाटे २:३०

आमच्याकडे यायचं होतं तुमच्या सोसायटीवाल्यांनी. इथे झ्युरिक तळ्याच्या काठी वेडेन्सविल नावाचं गाव आहे, तिथलं चर्च दर पंधरा मिनिटांनी टोले देतं, रात्रभर! मिस्साला बोलवायला नाही हां, नुसती वेळ सांगायला. तिथल्या एका जोडप्याने केस टाकली की रात्रीचे पाव तासाचे टोले बंद करा, कॅन्टनच्या (म्हणजे इथल्या राज्याच्या) कोर्टात जिंकले सुद्धा, पण २०१७ च्या डिसेंबरमधे वरच्या फेडरल कोर्टाने निकाल फिरवला आणि टोले चालू राहिले. परंपरेचं वजन जास्त धरलं.

मला विचाराल तर हे अती आहे. मी इथे आले तेव्हा पहिले काही महिने रात्री पावणेतीन वाजलेत हे मला विनाकारण कळायचं. नंतर सवय झाली हे खरं, पण सवय होते म्हणून बरोबर आहे असं थोडंच.

फ्रान्समधे तर २०२१ ला कायदाच केला, खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा आहे म्हणून. कोंबड्याच्या आरवण्यावरून शहरातून आलेल्या शेजाऱ्यांनी केस केली होती त्याच्यानंतर. कोंबडा जिंकला.

खडूस_आजोबा | सोम, सकाळी ७:१५

कोंबडा जिंकला हे वाचून दिवस चांगला गेला.

शनिवारातला_शनी | सोम, सकाळी ९:२०

पुण्यातला पंच हौद मिशनचा मनोरा बघितलाय का कोणी नीट? गुरुवार पेठेतून जाताना वर बघितलं तर एकदम इटलीत आल्यासारखं वाटतं, चर्चपासून सुटा उभा आहे, आणि त्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, दोरांनी वाजवायच्या. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधे पण आठ आहेत. एवढ्या मोठ्या देशात अशा पूर्ण संचाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच.

आणि हो पंच हौद म्हटल्यावर चहा आलाच. १८९० साली तिथेच चहा बिस्किटं घेतली म्हणून रानडे टिळकांसकट मंडळींवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) झालं होतं. तेव्हा पेठेला मिशनऱ्यांच्या चहाचा त्रास झाला, घंटेबद्दल कुणी ओरडल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. (मनोरा चहानंतरचा आहे, कोणी चुका काढायच्या आत सांगतो.) आज शेजारून डीजे जातो त्यात घंटा कुठे ऐकू येणार.

गडकिल्ले_वेडा | सोम, सकाळी ११:०२

वसईचा धागा आणि अजून कोणी चिमाजी अप्पा काढला नाही? मीच काढतो.

मे १७३९ मधे वसई पडली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या, धातू तोच. पण बऱ्याच घंटा देवळांत गेल्या. नाशकात पंचवटीला नारोशंकराच्या देवळावर आहे तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर आहे, १७०७ ची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. अष्टविनायकांत पण आहेत, पालीला जा आणि वर बघा. नाशकात पूर आला की लोक दुतोंड्या मारुती किती बुडाला बघतात आणि मग नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी आलं का ते बघतात.

माझा मुद्दा असा की क्रॉस असलेली घंटा जवळपास तीनशे वर्षं शंकरापुढे वाजतेय आणि कुणाचा धर्म बुडाला नाही. आवाज कोणाचा हा प्रश्न घंटेला नसतो, माणसांना असतो.

कलम_कसाई | सोम, सकाळी ११:३०

छान आहे पण भावा, लूट ती लूट. ती घंटा देवळात आनंदाने गेली नव्हती.

गडकिल्ले_वेडा | सोम, सकाळी ११:४१

मी कुठे म्हटलं आनंदाने. विजयचिन्ह होतं ते, मान्य. पण वितळवली नाही हे पण तेवढंच खरं. युरोपात दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लाखावर चर्चच्या घंटा वितळवल्या, स्वतःच्या पण.

माड_आणि_मासळी | सोम, दुपारी १:१५

गोंयकार हांव, मराठीत लिहितो, चुका पोटात घाला. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलची सोन्याची घंटा म्हणतात ती १६५२ ची, कुंकळ्ळीला ओतलेली. सोन्याची नाही हां, आवाज गोड म्हणून ते नाव. त्या कॅथेड्रलला दोन मनोरे होते, एक १७७६ ला पडला, आता एकच आहे. पणजीच्या चर्चची मोठी घंटा तर तिथली नव्हेच. जुन्या गोव्यात ऑगस्टिनवाल्यांचा मठ होता, ज्याचा अर्धा मनोरा अजून उभा आहे तो, तिथली ती. मठ बंद पडला, मग ती आग्वादला दीपस्तंभावर गेली, आणि १८७१ ला पणजीला आली. म्हणजे घंटा पण बदली होऊन फिरतात सरकारी नोकरासारख्या.

पण एक सांगतो, घंटेचं फक्त गोड गोड बोलू नये. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षा व्हायच्या त्या दिवशी पण सोन्याचीच घंटा वाजायची असं आमच्याकडे सांगतात. आज तीच ऐकून टूरिस्ट सेल्फी काढतात.

आमच्या वाड्यावर सांजेची आंजेलाची घंटा अजून वाजते. पोरं क्रिकेट सोडून घरी जायची तो काळ गेला पण म्हातारी माणसं अजून उभी राहतात. भाड्याने घरं घेतलेले दिल्लीवाले आहेत शेजारी, त्यांना सुरुवातीला वाटलं आग लागली. सांगितलं समजावून, आता काही नाही.

कोमल_गंधार | सोम, दुपारी ३:४०

मी साऊंडमधे काम करतो त्यामुळे गप्प बसवत नाही.

एक, घंटेचा आवाज एक सूर नसतो. खाली एक गुणगुण, मधे ठोक्याचा मुख्य स्वर, वर अजून दोन तीन, आणि त्यात कोमल गंधार ठासून असतो. म्हणून चर्चची घंटा लग्नाची असली तरी थोडी उदास वाटते. १९८० च्या दशकात हॉलंडमधे संगणकावर आकार काढून शुद्ध गंधाराच्या घंटा मुद्दाम ओतल्या, ऐकून बघा, गमतीशीर वाटतात पण चर्च वाटत नाही.

दोन, आणि हे वाडीवाला यांच्यासाठी. मनोऱ्यात घंटेच्या खोलीला लाकडी किंवा दगडी तिरक्या झडपा असतात ना, त्या खाली कललेल्या असतात. पाऊस आत येऊ नये म्हणून आणि आवाज खाली वस्तीवर टाकायला. ही सगळी रचना अशा गावासाठी आहे जिथे मनोऱ्याहून उंच फक्त माड असतो. आता तुमच्या बिल्डिंगचा पाचवा सहावा मजला घंटेच्या बरोबर समोर आलाय. खाली अंगणात जी घंटा लांबून आल्यासारखी येते ती तिथे सरळ खिडकीत येते. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे तुमचं घर आणि तो फ्लॅट यांचा अनुभव एक असूच शकत नाही. दोघंही खरं बोलताय.

उपाय आहेत आणि महाग नाहीत. त्या एका बाजूच्या झडपा आतून फळ्यांनी बंद करायच्या, बाकी तीन बाजू उघड्या. पहाटेपुरतं लोलकाला चामडं बांधायचं. आणि रेकॉर्डेड वाजवताय ते बंदच, पत्र्याच्या कर्ण्यातून घंटेची फाईल म्हणजे दोन्हीचा अपमान.

दोरखंड | सोम, रात्री ११:१८

इंग्लंडमधून लिहितोय. मी इथे चक्क चर्चमधे घंटा वाजवायला जातो, ख्रिश्चन नसून. ऑफिसमधल्या एका बाईने नेलं आणि अडकलो. प्रत्येकाच्या हातात एक दोर, वर घंटा पूर्ण गोल फिरते, आणि गाणं वगैरे वाजवत नाहीत, क्रम बदलत जातात. सात घंटांचे ५०४० क्रम होतात, ते एकही परत न येता सगळे वाजवायचे तर तीन तासांच्या आसपास लागतात. हे गणित आहे हो, अकरावीत क्रमचय शिकलो तेव्हा कोणी सांगितलं असतं तर जास्त लक्ष दिलं असतं.

शेजाऱ्यांच्या तक्रारी इथे पण. बऱ्याच मनोऱ्यांत घंटांच्या खाली किंवा झडपांना लाकडी दारं बसवलीयत, सरावाच्या रात्री बंद, रविवारी उघडी. वर कोमल गंधार म्हणाले ते चामडं आम्ही पण बांधतो, पण अंत्यविधीला, एकाच बाजूला, म्हणजे एक ठोका स्पष्ट आणि दुसरा त्याचा पडसाद.

महायुद्धात १९४० ला इथे सगळ्या घंटा बंद केल्या होत्या, वाजली तर शत्रू उतरला असं समजायचं. मग १९४२ च्या नोव्हेंबरात इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईतल्या विजयाला मुद्दाम वाजवल्या. म्हातारे लोक अजून ते ऐकीव सांगतात. आणि एवढं प्रेम असून लंडनची व्हाईटचॅपलची घंटा ओतायची फाउंड्री, बिग बेन जिथे ओतली ती, १५७० पासूनची, २०१७ ला बंद पडली.

इथे खरी अडचण तक्रारींची नाहीये, दोर धरायला माणसं नाहीत ही आहे.

पाचवा_मजला | मंगळ, सकाळी ११:५०

मी त्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी नाही पण अशाच एका बिल्डिंगमधे राहते, वसईतच, दुसऱ्या गावात. अमेरिकन क्लायंट, पहाटे चारला लॅपटॉप बंद होतो, डोळा लागतो साडेचार पाचला आणि साडेपाचला घंटा. अंगणातून ऐकणाऱ्यांना ती गोड वाटते, मला ती छातीत वाजते. आणि काही बोललं की लगेच "तुम्ही बाहेरचे". दादा, आम्ही पण लोन काढूनच आलोय ना, बिल्डरने ब्रोशरमधे चर्चचा फोटो छापला होता, घंटेचा आवाज छापता आला नाही त्याला.

राग यायचं कारण मात्र आवाज नव्हता फक्त. इतके दिवस राहून मला कोणीच सांगितलं नव्हतं की कुठली घंटा कशाची. मला सगळ्या सारख्याच. खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, ख्रिश्चन, त्यांनी एकदा लिफ्टमधे सांगितलं की आज सकाळी सावकाश वाजली ती मयताची, आपल्या दूधवाल्याचे वडील गेले. मी त्यांच्याकडून रोज दूध घेते आणि मला माहीत नव्हतं. तेव्हापासून ती घंटा वाजली तर उठते मी, चिडत नाही. साडेपाचची मात्र मला अजून नकोच आहे, खोटं कशाला बोलू.

वाडीवाला_वसई | मंगळ, दुपारी १२:३०

ताई, हे तुम्ही आमच्या ग्रुपवर लिहायला पाहिजे होतं. आमच्याकडे सगळ्यांनी गृहीतच धरलंय की घंटा कळते. आम्हाला पण कोणी शिकवलं नव्हतं, घरात ऐकत ऐकत आलं. नवीन माणसाला कुठून येणार.

खडूस_आजोबा | मंगळ, दुपारी १२:५५

म्हणजे आता घंटेचा क्लास लावा.

एसटी_लाल_डबा | मंगळ, दुपारी २:१०

आजोबा हसू नका, आमच्या सांगली जिल्ह्यात लावलाय. मोहित्यांचे वडगाव, कडेगाव तालुका. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. टीव्हीवर पण आलं होतं. म्हणजे मोबाईल असताना भोंगा कशाला म्हणता तर तिथे मोबाईल आहे म्हणूनच भोंगा लागला. पण गावाने बसून ठरवला म्हणून चालतो, वरून कोणी लादला असता तर दोन दिवसांत वायर कापली असती.

शनिवारातला_शनी | मंगळ, दुपारी ४:००

मुंबईत राजाबाई टॉवर दर पाव तासाला वाजतो, इंग्रजांच्या काळात तर त्यावर सोळा धुना वाजायच्या, राणीचं गाणं पण. युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, रात्री तिथे झोपतं कोण, म्हणून भांडण नाही. जागा बघून ठरतं हो सगळं.

वाडीवाला_वसई | शुक्र, रात्री १०:२०

अपडेट. पॅरिश कौन्सिलची मीटिंग झाली, सोसायटीचे तिघं पण बोलावले होते. अपेक्षेपेक्षा कमी आरडाओरडा झाला. कोमल गंधार साहेबांचा झडपांचा मुद्दा मी तिथे मांडला (श्रेय दिलं, "एक ओळखीचे साऊंडवाले" म्हणून) आणि तो सगळ्यांना पटला, गावातल्याच एका सुताराने मागच्या बाजूला फळ्या बसवून द्यायचं कबूल केलंय. स्पीकर कायमचे उतरले, देणगीवाले नाराज आहेत पण होतील शांत.

साडेपाचवर मात्र अडलं. म्हातारी मंडळी ऐकेनात. शेवटी ठरलं की आठवडाभर सहाला पाच मिनिटं असताना, अगदी थोडे ठोके, आणि रविवारी व सणाला पूर्वीसारखंच. कलम_कसाई, पाच मिनिटं अजून रात्रीत पडतायत हे मला कळतंय, ते तुम्ही लिहायची गरज नाही. सोसायटीवाले चालेल म्हणाले. आणि एक कागद करायचाय मराठी, हिंदी, इंग्रजीत, कुठली घंटा कशाची, पुण्य गुरुवारपासून (गुड फ्रायडेचा आदला दिवस) ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत घंटा का वाजत नाही आणि त्याऐवजी लाकडी खटखट का होते ते सगळं, तो प्रत्येक लिफ्टमधे लावायचा. तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मराठी तपासून द्यायला कोण तयार आहे?

राहिला तो दोरखंड यांचा प्रश्न. आमच्याकडे वाजवणारे काका आता जिना चढताना मधे दोनदा बसतात. फादर म्हणाले मोटर लावू, बटण दाबलं की हातोडा पडतो. मयताची घंटा बटणावर कशी वाजवायची, त्यात हाताने थांबायचं असतं. पोरांना विचारलं तर ग्रुपवर "घंटा वाचवा" लिहिणाऱ्यांपैकी दोघं तयार झाले. दोघंच.

पाचवा_मजला | शुक्र, रात्री १०:४४

मराठी मी तपासते, पाठवा. आणि ते दोर ओढायचं बायकांना चालतं का तुमच्यात? चारला लॅपटॉप बंद होतो, पावणेसहाला मी तशीही जागीच असते बहुतेक वेळा. रिक्षाने दहा मिनिटं.

वाडीवाला_वसई | शुक्र, रात्री १०:५१

फादरना विचारतो. नाही म्हणायचं काही कारण दिसत नाही.

दोरखंड | शनि, पहाटे १:०५

इथे निम्म्या बायकाच आहेत. ताई, आधी कोणीतरी शिकवल्याशिवाय दोर हातात घेऊ नका, नीट सोडला नाही तर माणसाला वर उचलतो तो. तुमची घंटा गोल फिरणारी नसेल तर एवढी भीती नाही, पण तरी.

गडकिल्ले_वेडा | शनि, सकाळी ८:३०

अवांतर: उद्या मेणवलीला चाललोय, कोणाला घंटेवरच्या अक्षरांचे फोटो हवे असतील तर सांगा.

खडूस_आजोबा | शनि, सकाळी ८:४२

फोटो काढा. वाजवू नका, समोर लोक राहतात.